सभेस अनुपस्थित राहणाऱ्या विश्वस्तांविषयी

निवासी शाळेच्या विश्वस्त मंडळाची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली, की त्याची झळ सर्वप्रथम भोजनगृहाला लागते. किराण्याच्या देयकास मंजुरी हवी असते, धनादेशावर दोन सह्या लागतात आणि दुसरी सही ज्यांची, ते सन्माननीय सदस्य पुण्या-मुंबईत असतात. वळसंग सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच आहे. तरी सभेच्या दिवशी ते फार दूरचे गाव होते. हा विषय स्मरणिकेत मांडण्याचे कारण इतकेच, की आज माजी विद्यार्थी म्हणविणारे अनेक जण उद्या अशाच खुर्च्यांवर बसणार आहेत.

25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाला ठराव, गणपूर्ती व मतमोजणी यांचे नियम ठाऊक होते, याचे स्मरण करून दिले होते. विनयपिटकातील महावग्गात अनुपस्थितीचाही विचार आहे. आजारी भिक्खूने उपोसथासाठी आपली पारिशुद्धी दुसऱ्या भिक्खूमार्फत कळवावी आणि संघकर्म असेल तर ‘छंद’, म्हणजे संमतीही द्यावी. तेही शक्य नसेल, तर त्याला मंचकासह संघात आणावे. हलविल्याने आजार बळावणार असेल, तर संघानेच त्याच्याकडे जावे. आम्हांस यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. न येणाऱ्याची प्रथम चौकशी होते. आपल्या मंडळांत मात्र चौकशी राहते बाजूला आणि चर्चा सुरू होते.

त्याच ग्रंथात महाकप्पिन स्थविरांची कथा आहे. राजगृहाजवळच्या मद्दकुच्छी मृगवनात असताना त्यांच्या मनात आले, की आपण परिशुद्ध आहोत. मग उपोसथाला जावे की न जावे? भगवान बुद्धांनी तेथे जाऊन त्यांना सांगितले, की तुमच्यासारख्यांनीच उपोसथाचा आदर केला नाही, तर तो कोण करील? ज्येष्ठ सदस्यांच्या ‘माझी संमती गृहीत धरा’ या निरोपाला याहून सौम्य आणि याहून स्पष्ट उत्तर आम्हांस सुचत नाही.

परंतु प्रत्येक मोठ्या नावाकडून नित्य हजेरीची अपेक्षा करणेही रास्त नव्हे. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, तर व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद स्वतः बाबासाहेबांकडे होते. याच सभेने 1925 साली आपल्या सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. प्रतिष्ठेचे स्थान आणि राबण्याचे स्थान वेगळे ठेवता येते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. ज्यांना प्रवास झेपत नाही, त्यांच्यासाठी सल्लागार मंडळ असावे. सहीचा अधिकार मात्र जवळ राहणाऱ्याकडे असावा. असा बदल सुचविताना पुष्कळांना संकोच वाटतो. आम्हांलाही वाटतो.

समजावूनही सदस्य येत नसेल, तर संस्थेची घटना उघडावी. सलग किती सभांना विनापरवानगी गैरहजर राहिल्यास पद जाते, हे तीत लिहिलेले असावे. नसेल तर प्रथम रीतसर घटनादुरुस्ती करावी. आपल्या संविधानाच्या अनुच्छेद 101 नुसार खासदार विनापरवानगी 60 दिवस गैरहजर राहिल्यास सभागृह त्याची जागा रिक्त घोषित करू शकते. तेव्हा अशा कलमात अपमान मानण्याचे कारण नाही. त्यानंतर लेखी सूचना, खुलाशासाठी मुदत, विषयपत्रिकेवर स्पष्ट विषय आणि इतिवृत्तात नोंद, एवढे सारे झाल्यावरच ठराव व्हावा.

येथेच पुष्कळ संस्था चुकतात. कटुता नको म्हणून सूचना देत नाहीत आणि पुढच्या यादीतून नाव गुपचूप गाळतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्तांतील बदल 90 दिवसांत कळवावा लागतो आणि त्या बदल अर्जावर चौकशी होते. गाळलेला सदस्य तेथे हरकत घेऊन उभा राहिला, की पाठविल्याची पोच नसलेली सूचना कोणीही सिद्ध करू शकत नाही. मग कायदेशीर विश्वस्त कोण, याच वादात बँक, अनुदान आणि वसतिगृहाची दुरुस्ती अडकून पडते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या विश्वस्ताला कलम 41-ड खाली दूर करण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. पण ती वाट धरण्यापूर्वी एकदा त्या सदस्याच्या घरी जाऊन यावे. कित्येकदा राजीनामा लिहून तयार असतो. मागायला कोणी गेलेले नसते.