टेकडीवरची माउली, गोदाकाठची घंटा

पंचवटीतल्या नारोशंकराच्या देवळातली प्रचंड घंटा पोर्तुगीज आहे, हे बहुतेक नाशिककरांना ठाऊक असतं. 1721 साली ओतलेली ही घंटा 1739 मध्ये वसई पडल्यावर मराठ्यांच्या हाती लागली. त्याच धामधुमीत वांद्र्याच्या टेकडीवर काय घडलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

तिथलं माउंट मेरीचं प्रार्थनाघर जमीनदोस्त झालं! मरियमची प्रतिमा माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये हलवली गेली आणि 1761 पर्यंत तिथेच राहिली. कोळी मंडळींची कथा याहून सुरस: मूर्ती समुद्रात आहे, हे म्हणे एका कोळ्याला आधी स्वप्नात दिसलं, मग ती खरंच सापडली. त्याआधी, 1700 मध्ये, अरबी चाच्यांनी सोन्याच्या लोभापायी मूर्तीचा उजवा हात तोडला होता. समुद्रावरून लांबून दिसणारी टेकडी खलाशांना जितका दिलासा देई, तितकीच लुटारूंनाही खुणावत असे.

आज दिसते ती वास्तू 1904 ची, खर्च सुमारे एक लाख रुपये. आणि वास्तुविशारद? शापूरजी चंदाभॉय, म्हणजे पारशी! मुंबईची ही वीण मला फार प्रिय आहे. माहीम-वांद्रे पूलही अवाबाई जमशेटजी या पारशी बाईंनी दिलेल्या 1 लाख 57 हजार रुपयांतून झाला, 1845 मध्ये. चर्चच्या इमारतीची शैली निओ-गॉथिक: टोकदार कमानी, दर्शनी बाजूला दोन मनोरे. टोकदार कमान भार बाहेर कमी ढकलते, खाली जास्त उतरवते, म्हणून उंची साधते.

टेकडीवरचं चर्च पडून पुन्हा उभं राहणं काही वांद्र्यापुरतं नाही: फ्रान्समधल्या राँशाँ गावच्या टेकडीवरचं चर्च 1944 च्या युद्धात उद्ध्वस्त झालं. वास्तुविशारद ल कार्बुझिएने 1955 मध्ये तिथे काँक्रीटचं नवं उभारलं. भिंतींत जुन्याच चर्चचे दगड, छताला खेकड्याच्या कवचाचा आकार आणि छत-भिंतीमध्ये बारीक फट, तिथून उजेड आत झिरपतो. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी त्याआधीच्या काही वर्षांत ल कार्बुझिएच्याच पॅरिसच्या कार्यालयात काम करत होते.

माउंट मेरीची जत्रा 8 सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते, आठवडाभर चालते. नवसाला मेणाचे हात, पाय, घरंसुद्धा वाहतात. मुंबई लांब वाटली, तर त्याच सुमारास नाशिक धर्मप्रांतात, श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, 1949 पासून.