रॅक कापण्याआधी सस्पेन्शन मोजा

इंग्लंडमधल्या औंडल शाळेत शिकवणारे रॉन चँपियन यांनी १९९६ साली एक पुस्तक लिहिलं. अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी, हा त्याचा विषय. कॉलिन चॅपमनच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची, चौकोनी नळ्या वेल्ड करून केलेल्या सांगाड्याची ही गाडी पुढे ‘लोकॉस्ट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, मागचा अॅक्सल आणि स्टेअरिंगचा रॅक. पुढची चाकं धरायला फोर्ड कॉर्टिनाचे नकल. विशबोन मात्र घरी बनवलेले. तीन ठिकाणचे भाग एकत्र आले की स्टेअरिंगचं गणित नव्याने मांडावं लागतं, आणि नेमकं तिथेच बरेच गैरसमज चिकटलेले आहेत.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की रॅकची लांबी गाडीच्या रुंदीवर ठरते. गाडी अरुंद असेल तर रॅक आखूड, रुंद असेल तर लांब. प्रत्यक्षात चाकं किती अंतरावर आहेत याच्याशी रॅकच्या लांबीचा थेट संबंध नाही. ती ठरते सस्पेन्शनवरून. खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर-खाली होतं तेव्हा ते विशबोनच्या लांबीप्रमाणे एका कमानीत फिरतं. रॅकला नकलशी जोडणाऱ्या टाय रॉडचं बाहेरचं टोकही स्वतःच्या कमानीत फिरतं. या दोन कमानी जुळल्या नाहीत, तर तुम्ही स्टेअरिंग घट्ट धरून बसलात तरी चाक आपोआप वळतं. यालाच बम्प स्टीअर म्हणतात.

दोन विशबोन असलेल्या गाडीत कमानी जुळवायची रीत ठरलेली आहे. गाडीकडे समोरून पाहा. वरच्या आणि खालच्या विशबोनचे आतले बुश जोडणारी रेघ मनात ओढा. बाहेरचे दोन बॉल जॉइंट जोडणारी दुसरी रेघ ओढा. टाय रॉडचं बाहेरचं टोक या दुसऱ्या रेघेवर पडत असेल, तर आतलं टोक पहिल्या रेघेवर पडलं पाहिजे. शिवाय दोन्ही विशबोनच्या रेषा वाढवल्यावर जिथे भेटतात, त्याच बिंदूकडे टाय रॉडचा रोखही हवा. म्हणजे रॅकच्या दोन टोकांच्या बॉल जॉइंटमधलं अंतर हे आतल्या बुशांवरून निघतं. एस्कॉर्टचा रॅक मॅकफर्सन स्ट्रटच्या वेगळ्या सस्पेन्शनसाठी घडवलेला. तो दोन विशबोनच्या गाडीत बसवला की हे अंतर जुळेलच, असं गृहीत धरता येत नाही.

इथून पुढचे दोन गैरसमज आपल्याकडच्या गॅरेजांतही ऐकू येतात. एक, ‘व्हील अलाइनमेंट करून घेतलं की गाडी ओढायची थांबेल.’ अलाइनमेंटच्या मशीनवर टो, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर वळलंय, हे मोजतात ते गाडी उभी असताना, एकाच उंचीवर. बम्प स्टीअर दिसतो चाक हलताना, त्यामुळे मशीनचा कागद निर्दोष असूनही गाडी प्रत्येक खड्ड्यावर दिशा बदलू शकते. दोन, ‘रॅकखाली वॉशर घालून तो वर-खाली करा, जाईल.’ हे अर्धं खरं आहे, आणि कोणतं अर्धं, हे मोजून कळतं. स्प्रिंग काढा, स्टेअरिंग सरळ बांधून ठेवा, चाक ५० मिलिमीटर वर आणि ५० मिलिमीटर खाली नेऊन दोन्हीकडे टो मोजा. वर नेताना चाक आत वळलं आणि खाली नेताना बाहेर, किंवा याच्या उलट, तर चूक उंचीची आहे, वॉशरने सुटेल. दोन्ही वेळा चाक एकाच बाजूला वळलं, तर चूक लांबीची आहे आणि कितीही वॉशर घातले तरी ती हटणार नाही. इतकी साधी चाचणी आहे, तरी ती न करताच रॅक कापायला घेतात याचं मला वाईट वाटतं.

कापायचाच असेल तर तो कसा? ‘मधोमध कापून वेल्ड करा’ हा सल्ला जिवावर बेतणारा आहे. रॅकचा दांडा उष्णता देऊन कठीण केलेल्या पोलादाचा असतो. वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा ठिसूळ होतो, तिथे सूक्ष्म तडा राहू शकतो आणि तो बाहेरून दिसत नाही. दांडा तुटला तर चालकाच्या हातात उरतं फक्त गोल चाक. दात नसलेल्या टोकाकडून दांडा कापून, लेथवर नवे आटे पाडून आतला बॉल जॉइंट पुन्हा बसवणं हा रूढ मार्ग आहे. बाहेरची नळीही तेवढीच आखूड करावी लागते. एका बाजूने ६० मिलिमीटर कापलं, तर दोन्ही जॉइंट गाडीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर येण्यासाठी रॅक ३० मिलिमीटर सरकवून बसवायचा. दांडा आतून पोकळ असेल तर हा उद्योग करू नये. योग्य लांबीचा रॅक बनवून घ्यावा.

रॅक अॅक्सलच्या मागून पुढे नेला तर? स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की गाडी डावीकडे वळेल. नकलवरचा हात आता चाकाच्या दुसऱ्या बाजूला आलेला असतो, म्हणून पिनियनही (दांडा सरकवणारं दातेरी चाक) दांड्याच्या दुसऱ्या अंगाला यावं लागतं, म्हणजे रॅक उलटा बसवावा लागतो. तसं केलं की पिनियन गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूंपैकीही दुसरीकडे जातं, हे आधीच लक्षात घ्यावं. अकरमन भूमितीही बिघडते. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं, ही म्युनिकच्या लांकेन्स्पेर्गरची कल्पना. तिचं पेटंट रुडॉल्फ अकरमनने १८१८ साली लंडनमध्ये घेतलं. मागे झुकलेले हात तसेच पुढे फिरवले, तर परिणाम नेमका उलटा होतो.

‘क्विक रॅक’बद्दलही गोंधळ आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे, यावरून रॅकचा वेग ठरवतात. समजा, दांडा १४० मिलिमीटर सरकतो आणि त्याला साडेतीन फेरे लागतात. म्हणजे फेऱ्याला ४० मिलिमीटर. हाच रॅक ११२ मिलिमीटरवर अडवला तर फेरे २.८ होतील, पण तो जराही वेगवान झालेला नसेल. विचारायचं ते एका फेऱ्यात किती मिलिमीटर. त्यातही नकलच्या हाताची लांबी मोजावी लागते : फेऱ्याला ४० मिलिमीटर आणि हात १२० मिलिमीटर असेल तर स्टेअरिंगचं गुणोत्तर सुमारे १९ येतं, हात १०० मिलिमीटर केला की १६ च्या आत. वेग वाढतो तितकं स्टेअरिंग जड होतं. म्हणून हात तापवून वाकवण्याची घाई नको.

स्टेअरिंगच्या दांडीत युनिव्हर्सल जॉइंट कसाही बसवला तरी चालतो, हेही खरं नाही. एकच जॉइंट ३० अंशांत वाकवला तर एका फेऱ्यात वेग कधी १५ टक्के वाढतो, कधी १३ टक्के घटतो. दोन जॉइंट सारख्या कोनात ठेवून मधल्या दांडीवरचे दोन्ही काटे एका पातळीत ठेवले, की हा चढउतार पुसला जातो.

ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी तिची आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीच्या मान्यतेची, तपासणी होते. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करायला आडकाठी करतं. आपल्याकडे ही भूमिती हाताने शिकायची उत्तम जागा म्हणजे २००७ पासून सुरू असलेली अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा स्पर्धा. महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही तिच्यात स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरतात.

रॅक बसल्यावर एक तपासणी बाकी राहते. दांडा गरजेपेक्षा जास्त सरकू दिला, तर टाय रॉड आणि नकलचा हात एका रेषेत येतात आणि चाक पलीकडे उलटून अडकतं. ते परत फिरवता येत नाही. म्हणून दांड्यावर अडसर बसवा, आणि स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून चाक सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना प्रत्येक वेळी टाय रॉड आणि हात यांच्यातला कोन पाहा.