वराड ते डब्लिन : स्थलांतरितांचा कौटुंबिक वारसा आणि सार्वजनिक जीवन

स्थलांतरित कुटुंबाचा वारसा हा सामान्यतः घरगुती विषय समजला जातो. देवघर, स्वयंपाक, नात्यांची संबोधने, सणवार यांतून तो टिकतो अथवा हळूहळू विरतो, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांपलीकडे त्याची दखल कोणी घेत नाही. अशा कुटुंबातील एखादी व्यक्ती सार्वजनिक पदावर पोहोचली की मात्र त्या वारशावर अनेकांचे दावे सुरू होतात. सोडून आलेला देश हक्क सांगतो, स्वीकारलेला देश निष्ठेची खात्री मागतो, आणि त्या व्यक्तीला स्वतःला काय वाटते हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. ब्रिटनच्या सार्वजनिक जीवनातील आयरिश वंशाच्या व्यक्ती आणि आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर या दोन उदाहरणांच्या आधारे या दाव्यांचे स्वरूप प्रस्तुत लेखात तपासले आहे.

ब्रिटनमधील आयरिश समाज

१८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने बुडाले. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले आणि जवळपास तितक्यांनीच देश सोडला. त्यांपैकी पुष्कळ लोक समुद्रापलीकडच्या लिव्हरपूल बंदरात उतरले व तेथेच राहिले. या शहरातील एका मतदारसंघातून टी. पी. ओ'कॉनर हे आयरिश राष्ट्रवादी नेते १८८५ ते १९२९ या काळात सातत्याने ब्रिटिश संसदेवर निवडून गेले. इंग्लंडच्या भूमीवर राहून आयर्लंडच्या स्वराज्याची मागणी करणारा हा खासदार होता. 'होमरूल' हा शब्द महाराष्ट्रास अपरिचित नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली स्थापन केलेल्या संघाचे नाव याच आयरिश चळवळीवरून आलेले होते.

१९४९ साली आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडले. तरीही त्याच वर्षीच्या ब्रिटिश कायद्याने आयरिश नागरिक ब्रिटनमध्ये परका मानला जाणार नाही, असे ठरविले. त्याला मतदानाचा व निवडणूक लढविण्याचा अधिकार राहिला. १९६२ च्या स्थलांतर कायद्याने भारत, पाकिस्तान व वेस्ट इंडीज येथून येणाऱ्यांवर निर्बंध आले. आयरिश माणसावर ते प्रत्यक्षात लादले गेले नाहीत. कायद्याचे दार असे उघडे असले, तरी समाजाचे दार तितके उघडे नव्हते. नोव्हेंबर १९७४ मधील बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांनंतर दहशतवादविरोधी कायदा आला आणि आयरिश उच्चाराची इंग्रजी बोलणे हेच संशयाचे कारण ठरू लागले. त्या काळात अनेक कुटुंबांनी आपले आयरिशपण घरापुरते ठेवले. इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत 'आयरिश' हा वेगळा वांशिक पर्याय प्रथम आला तो २००१ साली.

या पार्श्वभूमीवर दोन ब्रिटिश पंतप्रधानांची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. जेम्स कॅलहन यांचे आडनाव ठळकपणे आयरिश. परंतु ते पिढीजात नव्हते. त्यांच्या वडिलांचे मूळ आडनाव गॅरोगर होते आणि घर सोडून नौदलात भरती होताना त्यांनी कॅलहन हे नाव घेतले. आडनावावरून कुळ ओळखण्याची सवय असलेल्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. याच कॅलहन यांनी गृहमंत्री असताना ऑगस्ट १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये सैन्य पाठविले. टोनी ब्लेअर यांच्या नावात आयरिश असे काहीच नाही. मात्र त्यांच्या आई डोनेगल परगण्यातील बॅलीशॅनन येथील एका प्रोटेस्टंट कुटुंबातल्या. शांतता करार झाल्यानंतर, २६ नोव्हेंबर १९९८ रोजी ब्लेअर यांनी आयरिश संसदेपुढे भाषण केले. तेथे बोलणारे ते पहिलेच ब्रिटिश पंतप्रधान होते आणि त्या भाषणात त्यांनी आपल्या आजोळाचा आवर्जून उल्लेख केला. वारसा उघडपणे सांगता येण्याइतका काळ निवळावा लागतो, तसा तो सांगणे राजकीयदृष्ट्या उपयुक्तही असावे लागते.

स्लाऊ येथील भेट

लिओ वराडकर यांची कथा डब्लिनमध्ये सुरू होत नाही आणि केवळ कोकणातही नाही. तिचा आरंभ इंग्लंडमधील स्लाऊ या गावी होतो. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. (मराठवाड्यातील वाचकाचा येथे सहज गोंधळ होतो. पैनगंगेपलीकडच्या वऱ्हाडाशी या आडनावाचा संबंध नाही.) आई मिरियम या वॉटरफर्ड परगण्यातील डंगारव्हनच्या, व्यवसायाने परिचारिका. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा भार मोठ्या प्रमाणात आयरिश परिचारिका आणि भारतीय उपखंडातील डॉक्टर यांनी वाहिला. एकाच साम्राज्याच्या अमलाखाली राहिलेल्या दोन प्रदेशांतील ही माणसे पोटापाण्यासाठी त्याच साम्राज्याच्या जुन्या केंद्रात आली आणि तेथे त्यांची गाठ पडली. काही काळ लेस्टर येथे व नंतर भारतात राहून हे कुटुंब १९७३ साली डब्लिनमध्ये स्थायिक झाले. लिओ यांचा जन्म तेथे १८ जानेवारी १९७९ रोजी झाला.

वडील हिंदू, आई कॅथलिक. मुलांना कॅथलिक म्हणून वाढविण्यात आले. वैद्यकीय शिक्षणाच्या काळात लिओ यांनी काही दिवस मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अनुभव घेतला. आयरिश भाषा त्यांनी प्रौढपणी शिकवणी लावून आत्मसात केली. त्यांच्या सार्वजनिक जीवनात मराठीला तसे स्थान मिळालेले दिसत नाही. मात्र वडिलांच्या गावाचे नाव टिकले, ते आडनावातून. 'कर' हा प्रत्यय गाव सुटल्यावरच खरा उपयोगी पडतो. हदगावात राहणाऱ्याला हदगावकर म्हणण्याचे प्रयोजन नसते. तो नांदेडला किंवा पुण्याला गेला म्हणजे ते नाव अर्थपूर्ण होते. आयरिश आडनावांमागील 'ओ' व 'मॅक' हे वंशदर्शक शब्द इंग्रजी अमलात अनेक घराण्यांनी गाळले. स्थलदर्शक वराडकर मात्र डब्लिनच्या मतपत्रिकेवर जसेच्या तसे छापले गेले.

दावे आणि प्रतिदावे

१४ जून २०१७ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, लिओ वराडकर आयर्लंडचे तोवरचे सर्वांत तरुण पंतप्रधान झाले. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी त्यांना 'मालवणचा सुपुत्र' ठरविले. जगभरच्या पत्रांनी दोन गोष्टी अधोरेखित केल्या : ते भारतीय स्थलांतरिताचे पुत्र आहेत आणि समलिंगी आहेत. स्वतः वराडकर यांनी मात्र जानेवारी २०१५ मधील नभोवाणी मुलाखतीतच स्पष्ट केले होते की, यांपैकी कोणत्याही एका विशेषणाने आपली व्याख्या होत नाही. डिसेंबर २०१९ अखेर ते आई-वडील व कुटुंबीयांसह वराडला येऊन गेले, तेही खासगी भेटीसाठी. गावाने अर्थातच ती खासगी राहू दिली नाही.

आयर्लंडला परकीय नावाच्या पंतप्रधानाचे नावीन्य नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. आधुनिक आयर्लंडचे शिल्पकार एमन डी व्हॅलेरा यांचा जन्म १८८२ साली न्यूयॉर्क येथे झाला. त्यांच्या वडिलांचे नाव स्पॅनिश होते. आई आयरिश होत्या आणि बालपण लिमरिक परगण्यात आजोळी गेले. दोघांनाही आयर्लंडशी जोडणारा धागा आईकडून आलेला आहे. मराठी समाजाने वराडकरांवर सांगितलेला हक्क केवळ पितृवंशाचा होता. डंगारव्हनचा उल्लेख मराठी बातम्यांत आला तो ओघात.

भावनेपेक्षा कायदा किती निर्णायक असतो हे नागरिकत्वाच्या तरतुदींवरून दिसते. आजी किंवा आजोबा आयर्लंडमध्ये जन्मलेले असल्यास परदेशात जन्मलेल्या नातवाला नोंदणी करून पूर्ण आयरिश नागरिकत्व मिळू शकते. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर असंख्य ब्रिटिश नागरिकांना आपली आयरिश आजी आठवली, ती याच कारणाने. भारतीय राज्यघटना मात्र दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. २००५ पासून दिले जाणारे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड पणतू पिढीपर्यंत मिळते; परंतु त्याने मताधिकार मिळत नाही व घटनात्मक पदही भूषविता येत नाही. आयर्लंडचे औदार्यही बिनशर्त नाही. २००४ च्या सार्वमताने तेथे केवळ जन्मस्थानावरून मिळणारा नागरिकत्वाचा हक्क काढून घेण्यात आला.

महाराष्ट्राच्या अभिमानाला आणखी एक बाजू आहे. मे १९९९ मध्ये सोनिया गांधी यांच्या विदेशी जन्माचा मुद्दा उपस्थित करणाऱ्या शरद पवार, पी. ए. संगमा व तारिक अन्वर यांना काँग्रेसमधून काढण्यात आले आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. सोनिया गांधी परदेशात जन्मल्या, वराडकर आयर्लंडमध्येच जन्मले. हा भेद महत्त्वाचा आहे व तो पुसून चालणार नाही. तथापि अठरा वर्षांच्या अंतराने याच राज्यात मूळस्थानाचा प्रश्न एकदा अपात्रतेचा निकष म्हणून आणि एकदा गौरवाचा विषय म्हणून मांडला गेला, याची फारशी चर्चा झाली नाही.

डिसेंबर २०२२ ते एप्रिल २०२४ या काळात लंडनमध्ये ऋषी सुनक व डब्लिनमध्ये, दुसऱ्यांदा पंतप्रधान झालेले वराडकर, असे दोन भारतीय वंशाचे पंतप्रधान एकाच वेळी पदावर होते. त्याच कालखंडात, २३ नोव्हेंबर २०२३ रोजी, डब्लिनमध्ये स्थलांतरितांविरोधी दंगल झाली. पुढे जुलै २०२५ मध्ये त्या शहराच्या टाला उपनगरात एका भारतीय पुरुषावर हल्ला झाला आणि अशा घटनांची मालिका सुरू झाली. ऑगस्टमध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनी जाहीर निवेदनात या हल्ल्यांचा निषेध केला. आयरिश लोकांच्या स्वतःच्या स्थलांतराची आठवण त्यांनी त्यात करून दिली आणि आयर्लंडच्या वैद्यकीय व शुश्रूषा सेवेतील भारतीयांच्या कार्याचा नामोल्लेख केला. स्लाऊच्या रुग्णालयात एकेकाळी आयरिश परिचारिका ज्या जागी उभी होती, तेथे डब्लिनच्या रुग्णालयांत आज मुख्यतः केरळमधून गेलेल्या परिचारिका उभ्या आहेत, आणि त्यांची मुले तेथील शाळांत आयरिश भाषा शिकत आहेत.