विहारातल्या संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बिघडले, तर आधी काय तपासायचे?

गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या अभ्यासिकेतला एकुलता एक चांगला संगणक आजारी पडला. पडद्यावर आधी रंगीत रेघा, मग थेट अंधार. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ही बाब किरकोळ नाही. आयटीआय आणि डिप्लोमाची आपली मुले-मुली याच संगणकावर ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर शिकतात. टूलरूममध्ये किंवा डिझाइनच्या कामाला लागायचे तर नुसते प्रमाणपत्र पुरत नाही, हात बसलेला लागतो. आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे, ही मागणी बाबासाहेबांनी १९४२ मध्येच व्हाइसरॉयकडे दिलेल्या निवेदनात केली होती.

एका दुकानात सांगितले, "कार्ड गेले, नवे मोठे टाका, १४,००० रुपये." दानपेटीतला पैसा कंत्राटी कामगारांच्या आणि धुणीभांडी करणाऱ्या माउल्यांच्या दहा-वीस रुपयांतून जमलेला असतो. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, ही कालाम सुत्ताची शिकवण आम्ही वंदनेनंतर ऐकतो. ती दुकानातही पाळायची असे आम्ही ठरवले. त्यातून जे शिकलो ते इतर विहारांच्या कार्यकर्त्यांसाठी मांडत आहोत.

बिघाड कार्डातच आहे का?

संगणक बंद करून पॉवरची वायर काढा. सुरू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून मगच आत हात घाला. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

कार्ड काढून मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. चित्र आले तर मॉनिटर, केबल आणि बाकीचा संगणक ठीक आहे. प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसेल, तर ही चाचणी लागू पडत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असते, त्यांत ते नसते.

मग कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मऊ खोडरबराने हलक्या पुसा, स्लॉटमधली धूळ काढा आणि कार्ड नीट बसवा. पावसाळ्यातला ओलावा आणि एमआयडीसीची धूळ यांमुळे कधी कधी एवढ्यानेच काम होते. तरीही अंधारच असेल, तर ते कार्ड मित्राच्या संगणकात लावून पाहा, त्याच्या पॉवर सप्लायला ते झेपत असेल तरच. तिथे चालले तर दोष पॉवर सप्लायचा, स्लॉटचा किंवा ड्रायव्हरचा असू शकतो. ही चाचणी न करता नवे कार्ड घेणे म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

काय दुरुस्त होते, काय नाही

आमच्या कार्डाचे दोन्ही पंखे जाम झाले होते. पंखे बदलणे आणि वाळलेली थर्मल पेस्ट नव्याने लावणे ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. मेमरीवरचे थर्मल पॅड बदलताना जुन्याच जाडीचे घ्यावे लागतात. पातळ पडले तर चिपची उष्णता बाहेर जात नाही. वीज नियंत्रित करणारा एखादा भाग शॉर्ट झाला असेल, तर चिप-लेव्हल काम करणारा कारागीर तो बदलू शकतो.

मुख्य चिपच गेली असेल तर खर्च सहसा परवडत नाही. हीट गनने कार्ड तापवून चालू करून देणाऱ्यांपासून सावध राहा. तसे कार्ड अनेकदा काही दिवस चालते आणि पुन्हा बंद पडते, तोवर पैसे गेलेले असतात. दुरुस्तीला देताना आधी लेखी अंदाज घ्या आणि काढलेला भाग परत मागा.

आमचे कार्ड पंखे बदलल्यावर चार महिने चालले. मग रेघा परत आल्या, कारण आधीच्या उष्णतेने मेमरी खराब झाली होती. तेव्हा कार्ड बदलण्याचा निर्णय झाला.

ब्रँडेड संगणकाची अडचण

कंपनीने जोडून विकलेल्या संगणकात पॉवर सप्लाय बहुधा मोजक्या ताकदीचा असतो. काहींचे कनेक्टरही वेगळे असतात, म्हणून बाजारातला साधा पॉवर सप्लाय त्यांत बसत नाही. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढे ६ पिनची वायर आणखी ७५ आणि ८ पिनची १५० वॅट देते. आमच्या संगणकात अशी वायरच नव्हती. दुकानदाराने सुचवलेले मोठे कार्ड त्यात चाललेच नसते.

अशा ठिकाणी वेगळी वायर न लागणारे कार्ड शोधावे. जीटी १०३० सुमारे ३० वॅट घेते, पण ते हलक्या कामापुरते. ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० सुमारे ७० वॅट घेते आणि त्याची बहुतेक मॉडेल वायरशिवाय चालतात. जीटीएक्स १६५० च्या काही मॉडेलना मात्र ६ पिनची वायर लागते, म्हणून खोक्यावरचे चित्र पाहूनच घ्या. कॅबिनेटमधली जागाही मिलिमीटरमध्ये मोजा. अरुंद कॅबिनेटला कमी उंचीचे कार्ड लागते.

त्याआधी एक प्रश्न: कार्ड खरेच हवे का? साधे टू-डी ड्रॉइंग, टायपिंग आणि स्पर्धा परीक्षांच्या सराव चाचण्या प्रोसेसरच्या ग्राफिक्सवरही चालतात. थ्री-डी मॉडेलिंग शिकवायचे असेल, तरच खर्च करा.

वॉरंटी, बिल आणि जुने कार्ड

ब्रँडेड संगणकातल्या कार्डाची वॉरंटी सहसा संगणक विकणारी कंपनी देते. म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी संगणकाचा सीरियल नंबर टाकून मुदत तपासा. जीएसटीचे पक्के बिल विहाराच्या नावाने घ्या आणि हिशेबाच्या वहीत लावा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. दुरुस्तीच्या हक्काची माहिती देणारे केंद्र सरकारचे पोर्टल २४ डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे.

जुन्या बाजारातले कार्ड घेताना ते चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. जुन्या कार्डावर नव्याचे नाव चढवून विकणारेही आहेत. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर असे बनावट कार्ड बहुतेक वेळा पकडते.

मेलेले कार्ड कचऱ्यात टाकू नका. ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. याबाबतचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तारांतले तांबे काढण्यासाठी असा माल जाळला की विषारी धूर आपल्याच वस्त्यांतल्या भंगारवेचकांच्या छातीत जातो.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा उदेनाने आनंदांना विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू, असे आनंद म्हणाले. आणि जुन्या चीवरांचे? त्यांची अंथरुणे, मग गादीच्या खोळी, मग जमिनीवरच्या चटया, मग पायपुसणी, मग फडकी. शेवटी तुकडे मातीत कालवून जमीन सारवायची. दान घेणाऱ्याने दानाचा हिशेब असा शेवटच्या धाग्यापर्यंत दिला.

आम्ही पंख्यांच्या आणि नव्या कार्डाच्या बिलांच्या प्रती विहाराच्या फलकावर लावल्या. आता कार्ड काढणे, पुसणे, बसवणे अभ्यासिकेतल्या दोन मुली स्वतः करतात.

जय भीम! नमो बुद्धाय!