पहिल्या तासाला काय बोलायचं?

बीएड करताय? मग इंटर्नशिपला सहावी-सातवीचा वर्ग समोर येणारच. स्वागताचं भाषण पाठ करून गेलात, तर दुसऱ्याच मिनिटाला मागच्या बाकावर चुळबुळ सुरू होईल. सांगून ठेवतोय!

साने गुरुजींचं बघा. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे छात्रालयही त्यांच्याकडे आलं. घर सोडून शिकायला आलेली मुलं ती. त्यांच्या अस्ताव्यस्त खोल्या गुरुजी स्वतः आवरायचे, मळके कपडे धुऊन टाकायचे. लेक्चर नाही, आरडाओरडा नाही. वर त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. दैनिक हं! आपल्याला स्टेटस बदलायचाही कंटाळा.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. शाळा सुटली, पण शिक्षकपण कुठलं सुटायला! १९३३ च्या फेब्रुवारीत इथे, आपल्या नाशिकच्या तुरुंगात, त्यांनी अवघ्या ५ दिवसांत 'श्यामची आई' लिहिलं. त्यातली मांडणी आठवतेय? प्रकरणांऐवजी ४२ रात्री आहेत. श्याम सांगतोय, सोबती भोवती बसून ऐकताहेत. समोर वर्ग नव्हता, तर या माणसाने तो कागदावर भरवला.

तेव्हा भाषण राहू द्या. हजेरी घेताना प्रत्येक नाव नीट उच्चारा, कुणाच्या आडनावाशी थबकू नका. आणि ज्याच्याकडे अजून वही आलेली नाही, त्याला सगळ्यांदेखत उभं करू नका. मधल्या सुट्टीत हळूच विचारा.