तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ

ऑलिंपिक म्हटलं की कोल्हापूरकराला आधी १९५२चं हेलसिंकी आणि खाशाबा जाधव आठवतात. पुढे वीरधवल खाडे, तेजस्विनी सावंत आले आणि २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसहून कांस्यपदक आणलं. नौकानयनपटूचं नाव मात्र इथे चटकन कुणाच्या ओठावर येत नाही. म्हणूनच दत्तू बबन भोकनळची गोष्ट आपल्याकडे सांगायला हवी.

दत्तू १९९१चा, नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. हा सगळा टंचाईचा पट्टा. वडील विहिरी खोदायचे, दत्तूही त्यांच्याबरोबर कामाला जायचा. २०११ मध्ये वडील कर्करोगाने गेले आणि थोरल्या मुलावर घराची जबाबदारी पडली. त्याने पेट्रोल पंपावर काम केलं, २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये त्याची उंची प्रशिक्षकांच्या नजरेत भरली. पाण्याची भीती वाटणाऱ्या या जवानाला त्यांनी होडीत बसवलं.

उंची का? सिंगल स्कल्समध्ये एकटा माणूस दोन वल्ही घेऊन दोन हजार मीटर जातो, तेही पाठ पुढे करून. बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते. जोर हातांइतकाच, किंबहुना जास्त, पायांचा लागतो. लांब पाय, लांब हात म्हणजे प्रत्येक फटकाऱ्याला जास्त पाणी मागे. होडी मात्र जेमतेम चौदा किलोची. जरा तोल गेला की माणूस पाण्यात.

२०१५च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्य मिळालं. पुढच्या वर्षी दक्षिण कोरियातल्या पात्रता शर्यतीतून तो रिओ ऑलिंपिकला पोहोचला. भारताचा तिथला एकमेव नौकानयनपटू तोच. तेव्हा आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली होती, मुलाला ओळखणंही तिला जड जात होतं. रिओत त्याने ‘क’ गटाची अंतिम फेरी ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकली. पहिल्या बारा जागा ‘अ’ आणि ‘ब’ फेऱ्यांतून ठरतात, म्हणून त्याचा क्रमांक तेरावा. पदकांच्या तक्त्यात न दिसणारा हा तेरावा क्रमांक मला फार मोठा वाटतो.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत, पालेम्बांगला, एकेरीत त्याचं शरीर साथ देईना. तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासह त्याने क्वाड्रुपल स्कल्सचं सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धांत नौकानयनात भारताला याआधी एकच सुवर्ण मिळालं होतं, २०१० मध्ये बजरंगलाल ताखरचं. तरीही एकेरीच्या त्या शर्यतीवरून भारतीय रोइंग महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. ती २०२०च्या जानेवारीत उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. आजारी खेळाडूला दिलेली ही शिक्षा अन्यायाचीच होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

दत्तूला पाण्याने घडवलं नाही. त्याची उंची ओळखणाऱ्या प्रशिक्षकांनी आणि दोन वेळचं जेवण, पगार, होडी देणाऱ्या सैन्याने घडवलं. आपल्याकडे राधानगरी, काळम्मावाडीचं अथांग पाणी आहे, तालमींत आणि शाळांत उंच, दमदार पोरं आहेत. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांनी अशी मुलं हेरावीत आणि पुण्यातल्या सैन्याच्या रोइंग प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवावीत, ही कळकळीची विनंती.