यात्रेतल्या पालावर सह्याद्री वाहिनी

मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवीची, वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रातली. खानदेशातील मनियार, पिंजारी, नालबंद व अत्तरवाल्या बांधवांचे वर्षातील कित्येक दिवस असे घराबाहेर जातात. टेम्पो हेच घर आणि तेच गोदाम. अशा वेळी आपल्या भागाच्या बातम्या कशा मिळवायच्या, ही विचारणा वाचकांकडून वारंवार होते.

एका यात्रेत आमच्या शेजारच्या पालावरील गाद्या-रजयांच्या व्यापाऱ्याचा निम्मा माल अवकाळी पावसाने भिजला. टीव्ही त्यांच्याकडे होता, पण त्यावर पेन ड्राइव्हवरचे सिनेमे चालू होते. उत्तर महाराष्ट्रात पाऊस पडणार हे आदल्या सायंकाळच्या मराठी बातम्यांत सांगितले गेले होते. ते त्यांनी पाहिले नाही आणि आम्हीही पाहिले नाही. भिजलेल्या कापसाचे पुढे काय होते, ते पिंजारी बांधवांना सांगायला नको.

पूर्वी टपावर काड्यांची अँटेना बांधली की दूरदर्शन दिसत असे. आता तो मार्ग उरलेला नाही. दूरदर्शनने जुन्या पद्धतीची बहुतेक सर्व जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत बंद केली. जळगाव-धुळ्यातील केबलवाल्यांच्या शहरी बातम्या केबलची तार जाते तिथवरच. तेव्हा पालावर उरते ती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही, रिचार्ज नाही. एकदा तबकडी व बॉक्स घेतला की झाले. तिच्यावर सह्याद्री वाहिनी मिळते आणि मुंबई-नाशिकपासून खानदेशापर्यंतची खबर लागते.

खरी अडचण असते ती दर मुक्कामी तबकडी पुन्हा बसवण्याची. दोन-दोन तास तबकडी फिरवूनही पडद्यावर काही न दिसलेले अनेक बांधव आम्ही पाहिले आहेत. यातली मेख अशी. ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून हे कार्यक्रम येतात, तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर एका जागी राहतो. जळगावहून तो आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंचीवर येतो. सारंगखेड्याला गेले तरी उंचीत फरक पडतो तो सुमारे एका अंशाचा. म्हणून घरी एकदा चित्र स्वच्छ आले की तबकडीच्या कलाचे नट घट्ट आवळून त्यावर रंगाची खूण करावी आणि खानदेशात कुठेही ते नट सैल करू नयेत. नव्या जागी फक्त खांब ओळंब्यात उभा करायचा आणि तबकडी डावी-उजवीकडे हळूहळू फिरवायची. खांब तिरका असेल तर मात्र ही सारी खटपट व्यर्थ. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरीला दगड बांधला तरी चालतो.

दिशेसाठी किब्ला पाहण्याचे होकायंत्र पुरे. होकायंत्रावर उत्तरेपासून उजवीकडे १३७-१३८ अंश मोजावेत. तेही नसेल तर किब्ल्याकडे तोंड करून उभे राहावे. डावा हात आणि पाठ यांच्या बरोबर मधली दिशा तीच आग्नेय. मात्र होकायंत्र टेम्पोपासून दहा-बारा पावले दूर नेऊन पाहावे. गाडीच्या लोखंडाने सुई फिरते आणि या एका चुकीपायी आम्ही सबंध एक दुपार घालवली आहे. समोर निंब, ताडपत्री किंवा पाळण्याचा सांगाडा येता कामा नये. तबकडी ५८ अंश वर पाहते असे दिसणार नाही, ती बरीच उभी वाटेल. तिचा एलएनबी मधोमध नसून खाली असतो, म्हणून असे दिसते.

शेजाऱ्याची तबकडी पाहून आपली वळवू नये. त्यांची कंपनी निराळी असेल तर उपग्रहही निराळा आणि जागाही निराळी असू शकते.

वीज टेम्पोच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून घेता येते, पण रात्रभर टीव्ही चालवून सकाळी गाडी ढकलत सुरू करण्याची पाळी नको. त्यासाठी वेगळी बॅटरी ठेवावी. मुसळधार पावसात चित्र जाते. तो तबकडीचा दोष नव्हे, पाऊसच लहरी अडवतो. म्हणजे इशारा हवा असतो नेमका तेव्हाच पडदा कोरा. त्या वेळेसाठी व चालत्या गाडीत आकाशवाणी ऐकण्यास लहान रेडिओ जवळ असू द्यावा. मोबाईल आहेच, पण यात्रेच्या गर्दीत त्याचे नेटवर्क किती चालते ते आपण जाणताच.

बॉक्स घेताना तो एमपेग-४ आहे हे विचारावे. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या एमपेग-२ बॉक्सवर कमी वाहिन्या दिसतात. पैसे देण्यापूर्वी दुकानातच जोडायला लावून सह्याद्री दिसते की नाही, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे.